दाभोळला नुसती जेटी पकडायला जाऊ नका, एक रात्र राहा

कोयनाकाठ, कराड

नमस्कार मंडळी.

आपल्याकडची माणसं दाभोळला जातात म्हणजे काय करतात? गुहागर बघून झालं की धोपाव्याच्या धक्क्यावर गाडी रांगेत लावतात, जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवतात, पलीकडे उतरतात आणि दापोलीच्या रस्त्याला लागतात. बरीच वर्षं मीही हेच केलं. या पौषात पहिल्यांदा दाभोळला पाण्यावरून पोचलो. एका रात्रीसाठी गेलो आणि दोन रात्री राहिलो. तेव्हापासून हा धागा काढायचा होता.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मेहुण्याकडे गेलो होतो. त्याच्या ओळखीच्या एका तांडेलाचा मचवा गोवळकोटच्या धक्क्याला असतो. एरवी तो लोकांना मगरी दाखवून दोन तासांत परत आणतो. त्याला विचारलं, खाडीच्या तोंडापर्यंत नेशील का? म्हणाला, "नेतो, पण वेळ पाणी सांगेल ती." आणि बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. त्या दिवशी द्वादशी. बारा पाऊणे नऊ, म्हणजे दाभोळला नऊच्या सुमारास भरती. गोवळकोटला पाणी त्याहून उशिरा चढतं, म्हणून दहाच्या पुढे निघायचं आणि ओहोटीबरोबर खाली उतरायचं. वडलांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मला इतक्या वर्षांनी तिथे भेटली.

साडेतीन-चार तास लागले. सुरुवातीला वाशिष्ठी अरुंद, दोन्ही काठांना तिवरं, चिखलात ऊन खात पडलेल्या मगरी. मग वळणावळणानं पात्र रुंदावत जातं. डोक्यावर ब्राह्मणी घारी. दुपारी वारा बदलला, खारा वास आला आणि उजव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी माडांमधून एक घुमट दिसायला लागला. ती दाभोळची जुनी मशीद. रस्त्यानं जाताना गाव मागच्या दारानं दिसतं. पाण्यावरून आलं की पुढचं दार दिसतं, कारण ते गाव पाण्याकडे तोंड करूनच बसलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे भरतीबरोबर परत निघायचं होतं. तांडेल सहाला हाक मारायला आला तेव्हा आम्ही सगळे गाढ झोपेत. पुढची भरती संध्याकाळी लागणार होती, आणि अंधारात वरच्या वळणांतून तो मचवा घालत नाही. म्हणजे अख्खा दिवस मोकळा मिळाला. धक्क्यावर बसलो. जेटी जाते, येते. जाळी शिवणारी माणसं. दुपारी जेवून पुन्हा तिथेच. माझी बायको शिक्षिका आहे, तिनं तपासायला वह्यांचा गठ्ठा आणला होता. तो पिशवीतून बाहेरच आला नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिला इतकी निवांत मी पाहिली नव्हती.

दोन प्रश्न आहेत. एक, असं बोटीनं जाऊन मुक्काम करावा अशी बंदराची जुनी गावं आणखी कोणती? दोन, आईला न्यायचं आहे. ती ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. ओहोटीच्या वेळी दाभोळला धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या चढताना आम्हालाच एकमेकांचा हात धरावा लागला. तिला कसं जमवायचं?

---

पोवईनाका

वाचूनच डोळे मिटले. फोटो टाका राव.

---

आगाशिव_पायथा

कोयनाकाठ, तुम्ही ज्या वाटेनं गेलात ती कराडची फार जुनी वाट आहे. दाभोळ, तिथून खाडीनं गोवळकोट-चिपळूण, मग कुंभार्ली चढून कराड, पुढे कोल्हापूर. आपल्या आगाशिवच्या डोंगरातली लेणी उगाच तिथे नाहीत. जिथून व्यापाऱ्यांचे तांडे जात तिथेच भिक्षूंना दान मिळे. भारहुतच्या स्तूपावरच्या शिलालेखांत करहाकटच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, ते करहाकट म्हणजे आपलं कराड. समुद्रापासून इतक्या लांबचं हे गाव श्रीमंत कशामुळे झालं, याचं अर्धं उत्तर त्या खाडीत आहे.

पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला आपल्याकडे आला होता. उतरला चौलला, फिरला जुन्नर-बीदरपर्यंत, आणि परतीची बोट धरली ती दाभोळला. दाभोळ मोठं बंदर आहे आणि तिथे अरबस्तान-खुरासानचे घोडे येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. बहमनी फौजेचे घोडे याच धक्क्यावर उतरत होते.

---

विश्रामबाग_सांगली

लेखन छान आहे, पण स्पष्ट बोलतो. दाभोळला राहण्यासारखं काय आहे? चांगलं हॉटेल नाही, संध्याकाळी सातला बाजार बंद. आम्ही मागच्या वर्षी मुंबईहून मोठ्या क्रूझनं गेलो. कोचीला बोट दिवसभर थांबली. फोर्ट कोची बघितलं, चिनी जाळी बघितली, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं ती जागा बघितली (पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या), मट्टनचेरीचं १५६८ चं सिनेगॉग बघितलं. बंदराचं ऐतिहासिक गाव म्हणावं तर असं. सहा तासांत चारशे-पाचशे वर्षं बघून झाली.

---

कोयनाकाठ, कराड

विश्रामबाग, कोची सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण तुमचा शेवटचा आकडा बघा, सहा तास. पाच वाजता बोटीवर परत या असं सांगितलेलं असताना माणूस घड्याळाकडेच बघतो. मला जे मिळालं ते भरती चुकल्यामुळे मिळालं. कोचीला चार दिवस राहिलात तर तिथेही मिळेल.

@पोवईनाका, फोटो संध्याकाळी टाकतो.

---

विश्रामबाग_सांगली

हे मान्य. सिनेगॉगमध्ये खालच्या चिनी फरश्या नीट बघायच्या राहिल्या, बायको अजून बोलते.

---

हेळवाकचा_नातू

कोयनाकाठ दादा, तुमच्या धाग्यानं आजोबा आठवले. ते तरुणपणी मुंबईला गिरणीत गेले ते याच वाटेनं. हेळवाकहून चालत कुंभार्ली उतरायचे, चिपळूणला ओळखीच्या घरी रात्र काढायची, गोवळकोटहून लाँच, दाभोळला आगबोट, आणि मग थेट भाऊचा धक्का. आगबोट किनाऱ्याला लागत नसे, बाहेर उभी राहायची. पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि वर ओढून घ्यायचे. आजी म्हणे प्रत्येक वेळी नारळ द्यायची, समुद्रात सोडायला. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. ती रेवसला निघाली होती, आपल्या वाटेची नव्हती, तरी त्यानंतर आजीनं त्यांना बोटीनं जाऊ दिलं नाही. पुढे ते कराडहून रेल्वेनंच गेले.

दाभोळला ते कधी कधी दोन-दोन दिवस अडकायचे, वारा सुटला की आगबोट थांबतच नसे. त्या दिवसांबद्दल मात्र ते कधी कुरकुरले नाहीत. तिथे खाल्लेल्या कालवांच्या कालवणाची गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली असेल.

---

पोवईनाका

हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.

---

अवजल

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, उमेदीची वर्षं कोयनेवर गेली. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते हे शाळेतलं पोरही सांगेल. पण शिवसागरातलं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातलं सगळं पाणी कराडला येत नाही. त्यातलं बरंचसं बोगद्यांतून पश्चिमेला वळवलेलं आहे. पोफळीच्या बाजूला डोंगराच्या पोटातल्या वीजगृहांतून ते खाली पडतं, कोळकेवाडीला पुन्हा अडवलं जातं, पुन्हा वीज तयार होते आणि शेवटी वाशिष्ठीत सोडतात. याला आम्ही अवजल म्हणतो. कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी इतकं पाणी पश्चिमेला वळवायची परवानगी दिलेली आहे. चिपळूणच्या नदीला ऐन उन्हाळ्यात जे पाणी दिसतं, त्यात हे पाणी असतं.

म्हणजे बामणोली-तापोळ्याला तुम्ही बोटीत बसता ते पाणी आणि गोवळकोटहून दाभोळला तुम्हाला घेऊन गेलं ते पाणी, यांचं घर एकच. १९९९ साली चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं तेव्हा मी धरणावर होतो. जलाशयाच्या तळाशी स्फोट झाला, वर पाण्याचा फुगा आला आणि विरला. हे पाणी शेवटी कुठे जातं ते नकाशावर माहीत होतं. डोळ्यांनी बघायला दाभोळला कधी गेलो नाही. आता जाणार.

---

कोयनाकाठ, कराड

काका, हे वाचून अंगावर काटा आला. प्रीतिसंगमावर रोज संध्याकाळी फिरायला जाणारा माणूस मी, आणि आपलंच पाणी दुसऱ्या बाजूनं समुद्राला पोचताना मी त्याच्यावर बसलो होतो हे मला माहीत नव्हतं.

---

माहेर_दाभोळ_सासर_वाई

इतक्या लोकांना माझं गाव आवडतंय हे बघून लिहायला बसले.

आधी विश्रामबाग यांना. बाजार लवकर बंद होतो हे खरं आहे. गावातली तरणी माणसं मुंबईला आणि आखातात आहेत, घरोघरी म्हातारी माणसं आणि बंद खोल्या आहेत. त्यातल्याच एखाद्या खोलीत कोयनाकाठ राहिले असणार. असं कुणी राहायला आलं की त्या घरात रात्री दिवा लागतो, हे आम्हाला फार असतं.

मशिदीबद्दल. तिला माँसाहेबांची मशीद म्हणतात, अंडा मशीदही म्हणतात, आदिलशाही काळातली, १६५९-६० च्या सुमाराची. गावात गोष्ट अशी सांगतात की विजापूरची शहजादी मक्केला निघाली होती. दाभोळला आली आणि समुद्रात चाचे आहेत, पुढे जाण्यात धोका आहे असं कळलं. वाट बघत राहिली. शेवटी जाणं होईना तेव्हा यात्रेसाठी आणलेल्या पैशांतून तिनं इथे मशीद बांधली. आमच्या गावात अडकून राहिलेल्या पाहुण्यांची परंपरा जुनी आहे बघा!

आणि चंडिकेला गेलात की नाही? देवीचं ठाणं खडकातल्या गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जायचं. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा. लहानपणी मी आजीचा पदर घट्ट धरून आत जायचे. थोडा वेळ काहीच दिसत नाही, मग हळूहळू देवी दिसते. घाई करणाऱ्याला दिसत नाही असं आजी म्हणायची.

---

आगाशिव_पायथा

ताई, फार सुंदर. दाभोळचा उतार कशामुळे लागला त्यात एक तारीख महत्त्वाची आहे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं दाभोळ जाळलं. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मेला होता, त्याचा सूड घ्यायला तो दीवकडे निघाला होता, आणि वाटेत हे गाव लागलं. त्यानंतरही दाभोळ उभं राहिलं, मशीद तर दीडशे वर्षांनंतरची. पण पुढे सुरत आणि मुंबई वाढली आणि मोठी गलबतं तिकडे वळली.

---

धावडशी_रोड

अवांतर होईल, पण सातारकरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोवळकोट-अंजनवेलचा इतिहास आपल्या धावडशीपर्यंत येतो. ब्रह्मेंद्रस्वामी चिपळूणजवळ परशुरामला राहायचे. १७२७ मध्ये गोवळकोट-अंजनवेलचा अंमलदार सिद्दी सात यानं परशुरामाचं देवस्थान उद्ध्वस्त केलं. त्यानंतर स्वामी घाट चढून आले आणि साताऱ्याजवळ धावडशीला स्थिरावले. छत्रपती शाहू महाराज आणि बाजीराव पेशवे, दोघांचीही त्यांच्यावर श्रद्धा होती. समाधी धावडशीलाच आहे. सिद्दी सात १७३६ मध्ये रेवासजवळ चिमाजी अप्पांशी लढताना पडला. खाडीच्या दक्षिण काठावरचा अंजनवेलचा किल्ला पुढे तुळाजी आंग्रे यांनी १७४५ मध्ये घेतला, तोच गोपाळगड. दाभोळच्या धक्क्यावरून समोर दिसतो.

एकदा परशुरामला दर्शन घेऊन खाडीनं खाली जायचं, आणि येताना धावडशीला थांबून घरी यायचं, असं माझ्या मनात आहे.

---

माण_खटाव

आमच्याकडे टँकरची वाट बघण्यात उन्हाळा जातो, आणि तुम्ही लोक भरतीची वाट बघत बसता. एकदा आम्हालाही न्या, इतकं पाणी बघून पोरं खुळी होतील.

---

कोयनाकाठ, कराड

@माण_खटाव, मनापासून सांगतो, पुढच्या वेळी चला.

---

हरिपूर_संगम

मी सांगलीचा, कृष्णेकाठचा. उत्साह चांगला आहे, पण एक सांगणं आहे, कुणी रागावू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. त्या दिवसात आम्ही सगळेच बोटींवर अवलंबून होतो. तेव्हापासून मी बोटीत पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी बघतो, माणसं किती आणि लाइफ जॅकेट किती. गोवळकोट असो, तापोळा असो, नाहीतर हरिपूरची नाव असो, जॅकेट घातल्याशिवाय आईला बसवू नका. आणि पावसाळ्यात हा बेत नकोच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी तर आहेच, पण त्या दिवसातला समुद्र तांडेलही अंगावर घेत नाही.

---

कोयनाकाठ, कराड

रागावायचं कशाला, हे लिहिलंत ते बरं केलंत. आम्हाला तांडेलानं जॅकेट दिली होती, मेहुण्यानं घातलं नव्हतं. पुढच्या वेळी घालायला लावीन.

---

विश्रामबाग_सांगली

पहिल्या प्रश्नाकडे या मंडळी. माझं मत विजयदुर्ग. वाघोटणच्या खाडीच्या तोंडावर किल्ला, आत शांत पाणी. पूर्वी आंग्रेंची गलबतं तिथेच दुरुस्तीला येत, गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेली गोदी अजून दिसते.

---

पोवईनाका

विजयदुर्गला +१. हर्णैसुद्धा, पण संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायचा असेल तर. निवांतपणा हवा असेल तर लिलावाच्या वेळी लांब बसा.

---

हेळवाकचा_नातू

जयगड. तवसाळहून फेरीनं पलीकडे जाता येतं, आणि खाडी दाभोळइतकीच भरदार.

बाय द वे, माझ्या ऑफिसात दाभोळ म्हटलं की सगळ्यांना वीजप्रकल्पच आठवतो. तो खरं तर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला आहे. दाभोळ गाव दापोली तालुक्यात. नाव मात्र याच गावाचं गाजलं.

---

माहेर_दाभोळ_सासर_वाई

कोयनाकाठ दादांच्या आईंचा प्रश्न मागे पडला, त्याचं सांगते. मी परवा माझ्या काकांना फोन करून विचारलं, ते आयुष्यभर खलाशी होते.

तुम्ही द्वादशीला गेलात म्हणजे पौर्णिमा जवळ, उधाणाचे दिवस. उधाणात पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं, म्हणून ओहोटीला खालच्या शेवाळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या. आईंना न्यायचं तर भांगाचे दिवस धरा, अष्टमी-नवमीचे. तेव्हा चढउतार कमी असतो आणि धक्का व बोट यांत फार अंतर पडत नाही.

काका म्हणाले नवमी धरा. नऊ पाऊणे पावणेसात. पावणेसातला दाभोळला भरती, गोवळकोटला त्याच्यानंतर. आठच्या सुमारास निघा, दुपारच्या जेवणाला दाभोळला. दुसऱ्या दिवशी दशमी, म्हणजे संध्याकाळी साडेसात-आठला भरती. पाणी दुपारी दोनच्या पुढे चढायला लागेल. दोन-अडीचला निघालात की पाणीच तुम्हाला वर घेऊन जाईल आणि उजेडी गोवळकोटला पोचाल. तुमच्यासारखं पहाटे उठायला नको.

आणि तरीही आईंना पायऱ्यांची भीती वाटली तर त्यांना गाडीनं धोपाव्याला आणा आणि जंगलजेटीनं पलीकडे न्या. जेटीला उतरण असते, पायरी एकही नाही. जंगलजेटी २००३ पासून सुरू आहे, माझ्या सासूबाई तिनंच येतात-जातात.

---

अवजल

दशमीला परतणार असाल तर चिपळूणला संध्याकाळी अवजल सोडलेलं आहे का, तेही तांडेलाला विचारून ठेवा. वरच्या पात्रात ओढ वाढते. त्याला माहीत असेलच, तरी विचारा.

---

कोयनाकाठ, कराड

ताई, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. आत्ता कालनिर्णय काढून बसलोय. माघ शुद्ध नवमी आणि दशमी शनिवार-रविवारी येत नाहीत, पण बायको म्हणाली रजा टाकते. ती एरवी रजा टाकत नाही.

आईला धागा वाचून दाखवला. हेळवाकच्या आजोबांची गोष्ट तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, माझे वडील पण त्याच आगबोटीनं जायचे, तू कधी विचारलं नाहीस. गोवळकोटहून बोटीनंच जाणार म्हणते, जेटी नको. आणि चंडिकेला खण-नारळ न्यायचा आहे.

@अवजल काका, मचव्यात दोन जागा रिकाम्या आहेत. साताऱ्याहून येणार असाल तर कराडला आमच्याकडे आदल्या रात्री या.

---

अवजल

येतो. कंदी पेढे आणतो. ताईंच्या काकांसाठी वेगळा पुडा.

---

माहेर_दाभोळ_सासर_वाई

काकांना कळवलं. ते धक्क्यावर येणार आहेत. कालवं मिळाली तर काकू कालवण करेल, हेळवाकच्या नातवालाही निरोप द्या.

---

हेळवाकचा_नातू

मिळाला निरोप. तांडेलाचा नंबर कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कोयनाकाठ, कराड

व्यनि केला आहे.